पास झालेले दगड

मोहने गावातल्या एका लग्नाहून बाबा परत आले तेव्हा त्यांच्या हातातली कापडी पिशवी घ्यायला मी पुढे झाले आणि माझा खांदा निखळायची वेळ आली. आत दगड होते. मुठीएवढे, काही त्याहून मोठे, काळे, हिरवट काळे, दोन-तीन तर बारीक भोकांचे जाळीदार. लोक लग्नाहून लाडूचं पाकीट आणतात. आमच्या बाबांनी कार्यालयात जेवून, नदीवर उतरून, या वयात वाकून वाकून दगड वेचले होते आणि रिक्षात मांडीवर घेऊन ठाकुर्लीपर्यंत आणले होते.

"तुझ्या टाकीला," ते म्हणाले. "किती बोडकी दिसते ती."

टाकी माझी. हॉलमध्ये शोकेसशेजारी, काचेची, आणि तिच्यात लाल श्रिंप, कोळंबीच्या जातीचे. नखाएवढे जीव. मासे का नाहीत, असं आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो आणि मग आईला चेव येतो. आई मूळची देवगडकडची. ती सांगते की आमच्याकडे याला जवळा म्हणतात, सुकवून कांद्यावर परततात, आणि इथे त्याचे लाड चाललेत. मी उत्तर द्यायचं कधीच सोडून दिलंय.

वर्षभर खपून मी ते पाणी त्यांना मानवेल असं केलं होतं. पहिल्या खेपेचे सगळे मेले, दुसऱ्या खेपेचे निम्मे. आता कुठे एका मादीच्या पोटाखाली पिवळट अंड्यांचा घोस दिसायला लागला होता. माशाला चालतं ते या प्राण्याला चालत नाही. पाण्यात चुना वाढला तर कात टाकताना अडकून मरतो. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं आणि तेवढ्यानेही मरतो, म्हणून आमचा ठाण्याचा दुकानदार कमलेश मला ती औषधं विकतच नाही. शेजारी कुणी डासांचा फवारा मारला तरी मी धावत जाऊन खिडक्या लावते. आणि या माणसाने कुठल्या पाण्यात लोळलेले कोण जाणे, असे पिशवीभर दगड आणून ठेवले.

मी तिथल्या तिथे नाही म्हणून मोकळं व्हायला हवं होतं. पण त्या दिवसांत बाबांना नाही म्हणणं जड जायला लागलं होतं, कारण आई आणि मी त्यांना दिवसभर दुसरं काही म्हणतच नव्हतो. गॅसला हात लावू नका. बँकेत एकटे जाऊ नका. गाडी नको. गाडीचं तर प्रकरणच झालं होतं. दिवाळीनंतर ते स्कूटर घेऊन भाजीला गेले, रिक्षाने घरी आले, आणि संध्याकाळी खाली स्कूटर दिसेना म्हणून सरळ चौकीत जाऊन चोरीची तक्रार द्यायला बसले. स्कूटर भाजीबाजाराच्या तोंडाशी उभी होती, हँडलला दुधी भोपळा लटकत होता. हवालदार हसला, बाबाही हसले. मी स्कूटरची किल्ली माझ्या पर्समध्ये टाकली.

त्यानंतर दोनदा दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं. मेंदूच्या डॉक्टरांना एकदा दाखवून घेऊ, असं मी म्हणाले की बाबा ताडकन उठून गॅलरीत जात. विसरत कोण नाही, असं त्यांचं म्हणणं. आई तर माझ्यावरच चिडायची, की जेवताना हा विषय काढू नको, त्यांना घास उतरत नाही. मग कधी काढायचा, ते मात्र ती सांगत नसे.

बाबांची सगळी नोकरी मोहन्याच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली, माल तपासण्यात. त्र्यंबकरावांची सही पडल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही आणि चुकीच्या मालावर ती सही कधी पडली नाही, हे आम्ही लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की माझ्या धाकट्या मावशीलाही ते पाठ आहे. त्यामुळे मी दगड तपासल्याशिवाय टाकीत जाणार नाहीत म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे चमकले.

"तपासतो ना. त्यात काय आहे? पण एक ठरव," ते म्हणाले. "मी दगड रीतसर पास केले आणि तुझं एकही जनावर मेलं नाही, तर या घरात डॉक्टरचं नाव पुन्हा निघणार नाही."

"आणि मेली तर?"

"तर तू म्हणशील तिथे येतो."

आई स्वयंपाकघराच्या दारात कणकेच्या हातांनी उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली, नको म्हणून. मी हो म्हणाले. खरं सांगायचं तर मी मनातून खूश झाले होते. चार महिने मिनत्या करून जो माणूस हलला नव्हता, तो दगडांपायी तयार झाला होता. माझ्या श्रिंपांचं काय होईल हा विचारही त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही, याची लाज मला पुढे वाटायची होती.

मग जे सुरू झालं त्याने माझ्या नाकी नऊ आणले. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. इंटरनेटवर सगळे तेच सांगतात: कोरड्या दगडावर व्हिनेगरचे थेंब टाका, फसफसलं तर चुना आहे, नाही फसफसलं तर चालेल. बाबांनी त्यावर असं तोंड केलं जसं मी त्यांना कुंडली बघून माल पास करायला सांगितलं होतं. व्हिनेगर फार मवाळ, ते म्हणाले, सावकाश विरघळणारं त्यात दिसायचंच नाही. तरी सुरुवात त्यांनी व्हिनेगरनेच केली. प्रत्येक दगड ब्रशने घासला, उन्हात वाळवला, चिकटपट्टी लावून त्याला क्रमांक दिला. डायनिंग टेबल गेलं. आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायला लागलो.

आपल्याकडचा काळा पत्थर टाकीला निर्धोक, असं मी वाचलं होतं. बाबांनी भिंग आणलं आणि मला दाखवलं की त्याच काळ्या दगडाच्या पोटात कुठे कुठे पांढऱ्या गाठी असतात, त्यातल्या काही नुसत्या दिसायला पांढऱ्या आणि काही चक्क चुन्याच्या. एका दगडाच्या पांढऱ्या रेघेवर थेंब पडला आणि बारीक बुडबुडे आले. बाबांनी तो दगड उचलून माझ्या नाकासमोर धरला.

"नापास," ते म्हणाले, आणि इतके प्रसन्न दिसले की मला हसू आवरेना.

नंतर त्यांनी संडास साफ करायचं ॲसिड आणलं. हातमोजे, चष्मा, गॅलरीत वारा कुठून येतो ते बघून बसणं, सगळं साग्रसंगीत. आईने तोंडाला पदर लावून घरभर उदबत्त्या लावल्या. आणखी दोन दगड नापास झाले. मी म्हटलं, झालं ना आता? तर नाही. आता उरलेले दगड लोणच्याच्या काचेच्या बरण्यांत, साध्या पाण्यात बुडवून ठेवायचे, आणि पाण्यातले क्षार रोज मोजायचे. माझं क्षार मोजायचं ते पेनासारखं यंत्र त्यांनी शर्टाच्या खिशात अडकवूनच टाकलं. एका बरणीत त्यांनी दगड ठेवलाच नाही, फक्त पाणी.

"ही कशाला अडवलीत बरणी? मला मेतकूट भरायचंय," आई म्हणाली. बाबांनी तिला समजावलं की ही कोरी बरणी. बाकीच्यांत काही बदललं तर ते दगडामुळे की नुसतं पाणी शिळं झाल्यामुळे, हे तिच्याशिवाय कळणार नाही. आईला मेतकूट भरायचंच होतं. ती बरणी आहे तशी राहिली आणि मेतकूट डालड्याच्या जुन्या डब्यात गेलं.

दिवस जात होते आणि दगड पास होत नव्हते. मी रोज विचारायचे, बाबा रोज उद्या म्हणायचे. माझं काम निम्मं घरून, निम्मं ठाण्याच्या ऑफिसातून, आणि घरी असले की कॉलवर बोलता बोलता मागून बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज येई. डोक्याला नुसता ताप झाला होता. पण एक गोष्ट मी बघत होते आणि ती मला आवडत होती, आणि तिचीच भीतीही वाटत होती. बरण्यांच्या बाबतीत बाबा एकदाही चुकले नाहीत. दूध आलं का हे एका दुपारी दोनदा विचारणारा माणूस, पण कुठल्या दगडाच्या पाण्यात काल किती क्षार होते ते न बघता सांगायचा. मला वाटायला लागलं, आपणच राईचा पर्वत केला. रोज सकाळी ते खिडकीत उभे राहून तांब्याच्या तांब्यातलं रात्रीचं पाणी पीत, आणि पीत असताना टाकीतल्या त्या अंडीवाल्या मादीला शोधत. सापडली की मला हाक मारत. ती हाक ऐकायला मी अंथरुणात जागी राहायचे.

शेवटी एका गुरुवारी त्यांनी जाहीर केलं की उद्या काम संपतंय. फक्त शेवटची एक आंघोळ: रात्रभर पातळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे, सकाळी उपसून उकळायचे, पाण्याने खळखळून धुवायचे. दगड निळ्या टबात घालून, वर व्हिनेगर ओतून, टब गॅलरीत ठेवून ते झोपले. शुक्रवारी मला ऑफिसला जायचं होतं. मी लवकर निघाले तेव्हा घरातले सगळे झोपलेले होते.

संध्याकाळी परतले तर दगड टाकीत होते. माझी वाट न बघता. मी चिडायच्या तयारीने बूटसुद्धा न काढता टाकीजवळ गेले आणि चिडता आलं नाही. मागे एक मोठा, पुढे दोन कललेले, आणि त्या जाळीदार दगडांच्या भोकाभोकांतून लाल श्रिंप आत-बाहेर करत होते. सकाळी नळाला पाणी नव्हतं, शुक्रवारची कपात, त्यामुळे आईने साठवणीतून दिलेल्या जेमतेम अर्ध्या बादलीत धुवावे लागले, असं बाबांनी सांगितलं. पण दोनदा उकळलेत.

"पास," ते म्हणाले. मी त्यांना मिठी मारली. आमच्या घरात ती पद्धत नाही, त्यामुळे आम्ही दोघंही अवघडलो आणि आईने चहा टाकला.

रविवारी सकाळी पहिला मेला. एखाद-दुसरा मरतो, मी स्वतःला सांगितलं. संध्याकाळपर्यंत वाळूवर ठिकठिकाणी ते आडवे पडलेले दिसायला लागले, लाल रंग जाऊन दुधट फिकट पडलेले. गोगलगाई काचेवरून सुटून तळाला पडल्या. मी दगड ओढून गॅलरीत फेकले, पाणी बदललं, जे हलत होते ते जाळीने धरून एका भांड्यात घेतले. अंडीवाली मादी त्यात नव्हती. ती मागच्या कोपऱ्यात सापडली, पाय वर करून. तिला चमच्याने बाहेर काढताना मला रडू आलं आणि बाबा मागे उभे होते म्हणून जास्तच राग आला.

"काहीतरी विसरलात तुम्ही," मी म्हणाले. "आठवा. काहीतरी राहिलं तुमच्याकडून."

त्यांनी शांतपणे सगळ्या पायऱ्या सांगितल्या. घासणं, वाळवणं, व्हिनेगर, ॲसिड, बरण्या, पुन्हा रात्रभर व्हिनेगर, सकाळी उपसणं, दोनदा उकळणं. एकही चुकली नव्हती. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, त्याच क्रमाने. मग म्हणाले की दगड निर्दोष आहेत. सोसायटीत शनिवारी टँकर आला होता, त्या पाण्यातून काही आलं असेल. मी टाकीत शनिवारी थेंबभरसुद्धा पाणी घातलं नव्हतं. मग शेजाऱ्यांनी फवारा मारला असेल. नव्हता मारला, मी जाऊन विचारून आले. मग श्रिंपांनाच काही रोग असेल.

"ठरलं होतं आपलं," मी म्हणाले. "मेली तर डॉक्टरकडे."

"दगडांनी मेली तर. दगड पास आहेत, अंतरा."

ठणठणीत आवाजात. मला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तेवढ्यात आईने माझ्यावरच डोळे वटारले. एवढ्याशा जवळ्यापायी बापाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतेस, असं ती म्हणाली, आणि मग मी तिलाही नाही नाही ते बोलले. की तुला दिसत नाही का, की तू मुद्दाम बघत नाहीस, की पुढे त्यांना घराचा पत्ता आठवेना झाला तरी तू चहाच टाकणार आहेस का. बाबा सगळं ऐकत होते. त्यांनी खिशातलं ते क्षार मोजायचं पेन काढलं, टाकीच्या झाकणावर ठेवलं आणि गॅलरीत गेले.

पुढचे पंधरा-वीस दिवस घरात कुणी धड बोललं नाही. टाकी रिकामी, पाच-सहा वाचलेले श्रिंप भांड्यात. डायनिंग टेबल मोकळं झालं तरी कुणी त्यावर जेवायला बसेना. बाबा सकाळचं पाणी आता खिडकीत उभं न राहता आत पलंगावर बसून प्यायला लागले. मी डॉक्टरांचा विषय काढला नाही. शर्त जिंकून मला काहीच मिळालं नव्हतं, आणि ते हरलोय म्हणत नव्हते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी आईने माळ्यावरची, मोरीतली सगळी तांब्याची भांडी काढली. गुढीवर पालथा घालायचा तांब्या, पळी-पंचपात्र, ताम्हन. चिंचेच्या कोळाने घासायला ती गॅलरीत बसली आणि तिच्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून मीही तिच्यासमोर बसले. चिंचेचं पाणी हिरवट काळं होऊन जाळीकडे वाहत होतं. कोपऱ्यात आजीचं जुनं घंगाळ होतं, ज्यात आई पाडव्याला पाणी घालून वर फुलं सोडते आणि दाराशी ठेवते. मी ते ओढलं.

"ते राहू दे, त्याला काही करायला नको. आतून लख्ख आहे," आई म्हणाली. "बाहेरून जरा हात फिरव."

मी आत बघितलं. अर्ध्यापर्यंत घंगाळ नव्या नाण्यासारखं झळझळत होतं. तिथे गोल, सरळ रेघ होती, आणि रेघेच्या वर जुनं काळं, हिरवे डाग पडलेलं तांबं जसंच्या तसं. कुणी घासलं असतं तर रेघ आली नसती. तेवढ्या उंचीपर्यंत त्यात काहीतरी भरून ठेवलेलं होतं.

"यात काय होतं, आई?"

"कशात? अगं, ते तुझे दगड नव्हते का. त्या शुक्रवारी पाणी यायचं नव्हतं, ग्रुपवर आदल्या रात्री उशिरा मेसेज आला. बादल्या-पिंपं सगळी भरली, टबही पाण्याला लागला, मग ते दगड आणि ते आंबट पाणी मी यात ओतलं. स्टीलच्या भांड्यात कशाला घाण? आणि तांब्यात ठेवलेलं चांगलंच की." ती माझ्याकडे बघून थांबली. "का गं? काय झालं?"

मला काही क्षण नुसतं हसूच येत राहिलं. रात्रभर व्हिनेगर घंगाळातलं तांबं खात बसलं होतं, आणि ते सगळं त्या जाळीदार दगडांनी पोटभर पिऊन घेतलं होतं. सकाळी धुवायला पाणी नाही. दोनदा उकळून काय होणार? बाबांनी दगड तपासले त्यात कणभर चूक नव्हती. दगड पास होते. बाबा पास होते. मी त्यांना विसरभोळा, आजारी, काय काय ठरवून बसले होते, आणि झालं काय होतं तर पाणीकपात.

पण नुसतं सांगून चालणार नव्हतं. बाबा पुरावा मागतील हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनी तो मागावा अशी माझी फार इच्छा होती. दुपारी मी ठाण्याला जाऊन कमलेशकडून तांबं तपासायचे थेंब आणले. गॅलरीत पडलेला एक जाळीदार दगड एका बरणीत पाण्यात बुडवला, दुसरी बरणी नुसत्या पाण्याची ठेवली. पाडव्याच्या सकाळी, आई गुढीला साडी नेसवत असताना, मी दोन्हींतलं पाणी काचेच्या नळ्यांत घेऊन थेंब टाकले. कोरं पाणी कोरंच राहिलं. दगडाचं पाणी रंगलं.

गुढी उभी राहिली, बाबांनी पूजा केली, सगळ्यांनी कडुलिंबाची चटणी तोंडात टाकून तोंडं वाकडी केली. मग मी त्यांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि दोन्ही नळ्या त्यांच्या हातात दिल्या. आई दारात उभी होती. तिला मी आदल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं आणि ती रात्रभर हळहळत होती.

"बाबा, तुम्ही बरोबर होतात," मी म्हणाले. "दगडात काही नव्हतं. तुमच्या तपासणीत काही चुकलं नव्हतं." आणि मी सगळं सांगितलं: टब, पाणीकपात, घंगाळ, ती रेघ. शर्त ते जिंकले होते. डॉक्टरचं नाव या घरात पुन्हा निघणार नव्हतं. सांगताना माझा आवाज इतका आनंदाने चढला होता की शेजारच्या गॅलरीतून कुणीतरी डोकावलं.

बाबांनी नळ्या उजेडाकडे धरून बघितल्या.

"कोरी बरणी ठेवली होतीस?"

"हो."

त्यांनी मान डोलावली. खूश झाले असं वाटलं मला. मग त्यांची नजर दाराशी ठेवलेल्या घंगाळाकडे गेली. त्यात पाणी होतं, वर झेंडूच्या पाकळ्या होत्या.

"घंगाळातून दगड मीच उपसले," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"तू आता घंगाळ म्हणालीस तेव्हा आठवलं. सकाळी टब शोधला, सापडला नाही, दगड घंगाळात दिसले. मी हात घातला. पाणी निळं झालं होतं, अंतरा. हिरवट निळं. मी बघितलं. मला वाटलं, काय सुरेख रंग आहे. एवढंच वाटलं."

मी घाईने म्हणाले की कुणाच्याही लक्षात आलं नसतं. पाणी नव्हतं, सकाळची गडबड, आईने न सांगता भांडं बदललं होतं. आईही म्हणाली, अहो, चूक माझी आहे, मीच ओतलं त्यात. त्यांनी तिच्याकडे बघून हात वर केला, थांब म्हणून.

"तू ओतलंस त्यात काही नाही. तुला काय माहीत? मी सगळी नोकरी तो रंग ओळखण्यात घालवली. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं की हे तांबं आहे." त्यांनी नळ्या माझ्या हातात परत दिल्या. "त्या सकाळी तो माझ्या डोळ्यांसमोर होता आणि मला काही सांगतच नव्हता."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतका राग मला श्रिंप मेले तेव्हाही आला नव्हता. मी स्वतः पुरावा आणून त्यांना जिंकवून दिलं होतं. गप्प बसायला काय झालं होतं? मला कुठे कळणार होतं कधी? मी तसं म्हणालेही, रडत, मोठ्याने, सणाच्या दिवशी. की तुम्हाला बोलायची काय गरज होती.

"मग पास कशाच्या जोरावर म्हणणार?" बाबा म्हणाले. "डॉक्टरांची वेळ घे."

मी फोन लावला. पाडव्याची सुट्टी म्हणून दवाखाना बंद होता, घंटी नुसती वाजत राहिली, आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. मी तसं त्यांना सांगितलं. ते खुर्चीतून उठले, आईने दिलेला तांब्या घेतला, आणि कित्येक दिवसांनी पुन्हा त्या खिडकीशी, रिकाम्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले.

"उद्या लाव," ते म्हणाले. "आणि उद्या मी कुठला डॉक्टर म्हणालो, मला काही झालेलं नाही म्हणालो, तर माझं ऐकू नकोस."